अरण्य, कॅमेरा आणि अज्ञातवास

गेल्या पाव शतकात दूरचित्रवाणीने जे नवे खेळ जन्माला घातले, त्यांत ख्यातनाम स्त्री-पुरुषांना काही दिवसांसाठी अरण्यात किंवा निर्जन बेटावर नेऊन सोडावयाचे, त्यांच्या अन्नपाण्यावर निर्बंध घालावयाचे, त्यांच्यापुढे भय आणि किळस यांच्या परीक्षा मांडावयाच्या, आणि या सर्वांत त्यांच्या धैर्याची जी कसोटी लागेल ती घरबसल्या कोट्यवधी प्रेक्षकांना दाखवावयाची, हा प्रकार फार खोल रुजला. स्वीडनमध्ये १९९७ साली या कल्पनेला पहिले रूप आले. अमेरिकेने २००० साली ‘सर्व्हायव्हर’ या नावाने तिचा विस्तार करून बोर्निओनजीकच्या पुलाऊ तिगा या बेटावर आपले सामान्य नागरिक उतरविले. आणि २००२ साली ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीने सामान्यांऐवजी नामवंतांना ऑस्ट्रेलियातील जंगलात पाठवून ‘आय ॲम अ सेलिब्रिटी, गेट मी आउट ऑफ हिअर’ हा कार्यक्रम सुरू केला. त्याचीच भारतीय आवृत्ती ‘इस जंगल से मुझे बचाओ’ २००९ साली सोनी वाहिनीवर झाली, आणि तीतील जंगल मलेशियाचे होते.

जंगल मलेशियाचे होते, ही गोष्ट मला विचार करण्याजोगी वाटते. २०१२ साली स्टार प्लसने ‘सर्व्हायव्हर इंडिया’ केला तो फिलिपिन्समधील कारामोआनच्या बेटांवर. कलर्स वाहिनीचा २००८ पासून चालत आलेला ‘खतरों के खिलाडी’ बहुतेक वेळा दक्षिण आफ्रिकेतील केप टाउनला गेला, मध्यंतरी ब्राझील, अर्जेंटिना, स्पेन, बल्गेरिया हे मुलूख त्याने पालथे घातले आणि २०२४ साली तो रुमानियात जाऊन पोहोचला. भारतीय माणसांच्या धैर्याची परीक्षा भारतीय अरण्यात घ्यावी असे या मंडळींना सहसा वाटले नाही. अपवाद झाला तो बेअर ग्रिल्स या ब्रिटिश साहसवीराच्या कार्यक्रमाचा: २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी त्याच्यासोबत कॉर्बेटच्या अरण्यात दिसले, आणि २०२० साली रजनीकांत व अक्षयकुमार हे दोघे नट कर्नाटकातील बांदीपूरच्या व्याघ्रप्रकल्पात. बांदीपूरच्या चित्रणाला त्या वेळी विरोध झाला, कारण एका वर्षापूर्वीच, फेब्रुवारी २०१९ मध्ये, तेथील हजारो एकर वन जळून गेले होते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर वनरक्षकांना पहाऱ्यावरून काढून चित्रणाच्या बंदोबस्ताला लावणे तेथील निसर्गप्रेमींना मान्य नव्हते.

बुलढाणा जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाने या विषयाची चिंता वाहावी असे काय घडले आहे, असे कोणी विचारील. माझ्या परिचयातील काही तरुण मित्र मोठ्या उमेदीने म्हणतात की, लोणारचे सरोवर, ज्ञानगंगेचे अभयारण्य आणि सातपुड्याच्या कुशीतील अंबाबरवा अशी तीन अद्वितीय स्थळे ज्या जिल्ह्यात आहेत त्या जिल्ह्याने अशा चित्रणासाठी पुढे यावे. समृद्धी महामार्गाने मुंबई जवळ आली आहे, जिल्ह्याचे नाव होईल, चार पैसे येतील. आपल्या वऱ्हाडातल्याच अमरावतीचा शिव ठाकरे मराठी ‘बिग बॉस’ जिंकून २०२३ साली ‘खतरों के खिलाडी’साठी केप टाउनला गेला, तेव्हा या मुलांना जो अभिमान वाटला तो मला परका नाही. एका साध्या घरातील मुलगा स्वतःच्या अंगच्या धडपडीवर तेथवर पोहोचतो हे कौतुकास्पदच आहे, आणि अशा कार्यक्रमात भाग घेणाऱ्यांचे श्रम, त्यांचे भय, त्यांच्या अंगावर उमटलेले ओरखडे खोटे असतात असे म्हणण्याचा माझा मुळीच हेतू नाही. माझा आक्षेप माणसांवर नसून, अरण्याविषयी आणि जगून राहण्याविषयी हे कार्यक्रम जी समजूत पेरतात तिच्यावर आहे.

प्रथम स्थळाचा विचार करू. ब्रिटिश कार्यक्रमाचे ऑस्ट्रेलियातील ‘जंगल’ हे न्यू साउथ वेल्समधील मरविलंबा गावानजीकचे बेतून घेतलेले चित्रणस्थळ आहे. त्याच्या भोवती शेकडो कर्मचारी, वैद्य, यंत्रे, वाहने यांचा कायमचा तळ असतो, आणि स्पर्धकाने एक ठरलेले वाक्य उच्चारले की त्याला बाहेर काढण्याची तजवीज आधीच झालेली असते. २०२० साली महामारीमुळे ऑस्ट्रेलियाला जाणे अशक्य झाले, तेव्हा हा सबंध कार्यक्रम वेल्समधील अबेरगेले येथील ग्रिख या पडक्या किल्लेवजा वाड्यात हलविण्यात आला आणि पुढच्या वर्षीही तेथेच झाला. त्याच शिबिराचा तोच कार्यक्रम उष्ण कटिबंधातील वनाऐवजी थंडीवाऱ्यातील दगडी भिंतींच्या आत तितक्याच यशाने पार पडला, प्रेक्षकही तितक्याच आवडीने पाहत राहिले, यावरून एक गोष्ट निर्विवाद सिद्ध होते: अठरा वर्षे ज्या अरण्याच्या नावाने हा खेळ चालला त्या अरण्याची त्याला गरजच नव्हती. तेथील वृक्ष कोणते, ओहोळ कोठून येतो, त्या भूमीवर पूर्वापार कोणाची वहिवाट होती, यांपैकी कशाचाही त्या खेळाशी संबंध नव्हता. स्थळ हा केवळ पडदा होता, आणि पडदा बदलता येतो. ज्या भूमीला नाव, इतिहास आणि रहिवासी आहेत ती भूमी अशा रीतीने निनावी आणि निर्जन करून दाखविणे हा या प्रकारातील पहिला दोष होय. कारामोआन म्हणजे माणसांनी वसलेला मुलूख. तेथील कोळ्यांची गलबते ज्या समुद्रावर रोज फिरतात तोच समुद्र प्रेक्षकाला मात्र ‘निर्जन बेटाभोवतीचा’ म्हणून दिसतो.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे, आणि मला वाटते, अधिक गंभीरही. जगून राहणे म्हणजे काय, याची आपल्या परंपरेला फार प्राचीन काळापासून जाण आहे. पांडवांना बारा वर्षांचा वनवास आणि तेरावे वर्ष अज्ञातवासाचे होते, आणि त्या तेरा वर्षांत सर्वांत दुर्धर वर्ष कोणते, तर शेवटचे. कारण वनात हिंडणे, कंदमुळे खाणे, पर्णकुटीत निजणे या गोष्टी क्षत्रियांना सोसता येत होत्या, परंतु कोणाच्याही नजरेस न पडता राहणे, स्वतःचे नाव, कीर्ती आणि पराक्रम झाकून ठेवणे, ही कसोटी त्यांहून कठोर होती. मेळघाटात चिखलदऱ्याजवळ भीमाने कीचकाला मारून ज्या दरीत फेकले असे सांगतात ती दरी वऱ्हाडातले लोक आजही दाखवितात. त्या कथेतला संकट येण्याचा क्षण हा ओळखले जाण्याच्या भयाचा क्षण आहे. अरण्यात जो टिकतो तो बहुधा स्वतःला लपवून टिकतो: हरिण गवतात, बिबट्या खडकाच्या सावलीत, टिटवी उघड्या माळावर आपल्या अंड्यांच्या दगडी रंगात. ज्या कार्यक्रमात टिकून राहण्याचे एकमेव साधन म्हणजे अधिकाधिक दिसणे, अधिक रडणे, अधिक ओरडणे आणि प्रेक्षकांच्या मतांना पात्र होणे हेच आहे, त्या कार्यक्रमाने जगून राहण्याचा अर्थच उलटा करून टाकला आहे.

या बाबतीत आमच्या जिल्ह्यापाशी एक साक्ष आहे, आणि ती साक्ष एका वाघाची आहे. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यात २०१६ साली जन्मलेल्या एका नर वाघाच्या गळ्यात २०१९ च्या फेब्रुवारीत शास्त्रज्ञांनी उपग्रहाशी जोडलेला पट्टा बांधला. वनखात्याच्या दप्तरी त्याची नोंद टी-वन सी-वन अशी. पुढे लोकांनी त्याला ‘वॉकर’ म्हटले. त्या वर्षीच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला तो घर सोडून निघाला आणि तेलंगणाची हद्द ओलांडून, मराठवाडा व वऱ्हाडातील जिल्हे पालथे घालीत, शेते, नाले, रस्ते, गावांच्या सीमा ओलांडीत, डिसेंबरच्या सुमारास बुलढाणा व खामगाव यांच्या मधल्या ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन पोहोचला. पट्टा काढला जाईपर्यंत तो एकूण सुमारे ३,००० किलोमीटर चालला. पट्ट्यातील यंत्र दर तासाला त्याचा ठावठिकाणा कळवीत होते, म्हणून शास्त्रज्ञांना हे कळले. परंतु ज्या शेतांच्या बांधांवरून तो गेला त्या शेतांच्या मालकांपैकी बहुतेकांना तो दिसलाही नाही. दिवसा तुरीच्या, कपाशीच्या पिकात किंवा नाल्याच्या झुडपांत पडून राहावे, रात्री चालावे, भूक लागली तर रानडुक्कर किंवा गुरे मारावीत, आणि पहाट होण्यापूर्वी पुन्हा दिसेनासे व्हावे, असा त्याचा क्रम. हिंगोलीच्या बाजूला तो एका शेतात पडून असताना माणसे फार जवळ गेली, तेव्हा मात्र त्याने काहींना जखमी केले. दिसण्याची किंमत दोन्ही पक्षांना मोजावी लागली. ज्ञानगंगेच्या २०५ चौरस किलोमीटरांच्या वनात त्याला सावज, पाणी आणि शांतता या तीन गोष्टी मिळाल्या आणि तो तेथे थांबला. जोडीदारीण मात्र तेथे नव्हती. २०२० च्या एप्रिलमध्ये पट्टा काढण्यात आला आणि त्या वाघाला त्याची अज्ञाताची मोकळीक परत मिळाली. टिकून राहण्याची याहून मोठी कहाणी या जिल्ह्यात माझ्या माहितीत नाही, आणि ती कोणत्याही कॅमेऱ्यासमोर घडली नाही म्हणूनच घडू शकली.

दिसणे सर्वांना सारखे फळत नाही, हे माणसांच्या बाबतीतही आम्ही पाहिले. २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस अकस्मात, दोन-चार दिवसांत, झडू लागले, तेव्हा देशभरच्या वाहिन्यांचे कॅमेरे त्या गावांत उतरले. पुढे तपासण्या झाल्या, अन्नातील सेलेनियम या द्रव्याकडे संशयाचे बोट वळले, परंतु तोपर्यंत टक्कल पडलेल्या बायाबापड्यांचे आणि शाळकरी मुलींचे चेहरे घरोघर दिसून चुकले होते. नामवंताचे दुःख दिसले तर त्याचा लौकिक वाढतो. या मुलींच्या वाट्याला त्या दर्शनातून काय आले याचा विचार करणारा कोणी त्या गर्दीत नव्हता. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात, म्हणजे याच शेगावसह संग्रामपूर आणि जळगाव जामोद या तालुक्यांत, विहिरीचे पाणी क्षारांनी पिण्यास अयोग्य झाले आहे आणि मूत्रपिंडाच्या विकाराने घरेच्या घरे खचली आहेत. तेथे कोणत्याही वाक्याच्या उच्चाराने बाहेर पडण्याची सोय नाही. दुःखाची दुःखाशी तुलना करून कोणाला हिणवावे असे मला वाटत नाही. स्वेच्छेने पत्करलेल्या कष्टाला आपण शौर्य म्हणतो, तर अटळपणे सोसलेल्या कष्टाला निदान ज्ञान तरी म्हटले पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

कारण ते ज्ञानच असते. सातपुड्याच्या उतरणीवर भिंगारा, चाळीसटापरी या बाजूच्या वस्त्यांत राहणारे भिलाला, बारेला, कोरकू, निहाल हे लोक अरण्यात ‘टिकून’ राहत नाहीत, ते अरण्यात राहतात. मोहाचे फूल कोणत्या पहाटे गळू लागते, चारोळी किती पिकली म्हणजे तोडावी, तेंदूचे कोणते पान विडीला चालते, मधाच्या पोळ्यातील किती भाग माशांसाठी ठेवावा, कोणत्या झऱ्याला चैत्रातही पाणी असते, अस्वल समोर आले तर पाय कसा उचलावा, हे सर्व त्यांच्या बालपणीच्या शिक्षणाचा भाग असते. हे ज्ञान ज्याच्यापाशी आहे त्याला अरण्य शत्रू वाटत नाही. साहसाच्या कार्यक्रमात मात्र अरण्य नेहमीच शत्रू असते: साप म्हणजे शिक्षा, अंधार म्हणजे शिक्षा, किडा म्हणजे किळस. जगातील कोट्यवधी माणसांच्या नित्याच्या आहारात कीटक आहेत, तरी तोच आहार येथे नामवंताच्या मानखंडनेचे साधन होतो. २००९ साली ब्रिटिश कार्यक्रमाच्या दोन स्पर्धकांनी शिबिरात एक उंदीर मारून शिजवून खाल्ला, तेव्हा न्यू साउथ वेल्समध्ये प्राण्यांच्या छळाचा खटला उभा राहिला आणि वाहिनीला दंड झाला. चक्रधरस्वामींचे वास्तव्य ज्या लोणारला झाले त्या लोणारच्या भूमीत उभे राहून मी हे लिहितो आहे. पारध्यांच्या कुत्र्यांना भिऊन आलेल्या सशाला त्यांनी आपल्या मांडीखाली आश्रय दिल्याची लीळा ज्या समाजाने सात शतके जपली, त्या समाजाला मुक्या जीवाची खेळणी करणे शोभत नाही.

आता कायद्याकडे वळतो, कारण या प्रश्नाचा निकाल शेवटी सरकारी दप्तरातच लागावयाचा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या २८ व्या कलमान्वये अभयारण्यात प्रवेशाचा परवाना मुख्य वन्यजीव रक्षक काही ठराविक प्रयोजनांसाठी देऊ शकतात: अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन, आणि तेथे राहणाऱ्यांशी कायदेशीर व्यवहार. २०२२ साली या अधिनियमात दुरुस्ती झाली, १ एप्रिल २०२३ पासून ती अंमलात आली, आणि तीत चित्रपटनिर्मितीचा उल्लेख प्रथमच स्पष्टपणे आला. मात्र एका अटीसह, की अधिवासात कोणताही बदल होता कामा नये आणि अधिवासावर किंवा वन्यजीवांवर कोणताही प्रतिकूल परिणाम होता कामा नये. या अटीचे शब्द मला अत्यंत मोलाचे वाटतात. एखादा छायाचित्रकार झाडाआड चार महिने बसून एका पक्ष्याचे चित्रण करतो, तेव्हा ती अट पाळली जाते. परंतु ज्या चित्रणासाठी शिबिर उभारावे लागते, जनित्रे लावावी लागतात, रात्री दिवे पेटवावे लागतात, दोर बांधावे लागतात आणि शेकडो माणसांच्या मलमूत्राची व्यवस्था करावी लागते, ते चित्रण ही अट पाळूच शकत नाही. येथे कायद्याला पळवाट नाही. ती केवळ परवाना देणाऱ्याच्या सहीत असू शकते.

आणि याहून मोठा प्रश्न वचनभंगाचा आहे. अंबाबरवा हे १२७ चौरस किलोमीटरांचे अभयारण्य मेळघाट व्याघ्रप्रकल्पाचा भाग आहे. त्या वनाला शांतता मिळावी म्हणून तेथील आदिवासी गावे उठविण्यात आली. पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट, देवाची ठाणी, पूर्वजांच्या समाध्या मागे टाकून ती माणसे खाली सखल मुलुखात येऊन वसली. त्यांना सांगण्यात आले की माणसाच्या वावराने वाघाला उपद्रव होतो. हे कारण खरे होते असे मी मानतो. ज्ञानगंगेच्या वाघाची कथा त्याचीच ग्वाही देते. परंतु ज्या वनातून सरपण वेचणाऱ्या म्हातारीला वाघाच्या नावाने बाहेर काढले, त्याच वनात एखाद्या नटाला मनोरंजनाच्या नावाने आत घेतले, तर त्या म्हातारीला राज्याने काय उत्तर द्यावे? उत्तर देता येणार नाही, म्हणूनच तो परवाना देता येणार नाही.

लोणारची गोष्ट निराळी, पण निष्कर्ष तोच. बसाल्टच्या कठीण पाषाणात उल्कापाताने झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर पृथ्वीवर आपल्या जातीचे फार विरळ आहे. त्यातील पाणी खारट आणि तीव्र अल्कधर्मी. त्याला बाहेर जाण्याची वाट नाही, म्हणून आत जे जाईल ते आतच राहते. जून २०२० मध्ये हे पाणी एकाएकी गुलाबी झाले, तेव्हा जगाच्या वृत्तपत्रांत त्याची चित्रे झळकली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तपासून दाखविले की वाढलेल्या क्षारतेत फोफावलेल्या मीठप्रिय सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याचा तो परिणाम होता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात रामसर करारान्वये सरोवराला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. गावाचे सांडपाणी सरोवरात उतरू नये यासाठी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत जावे लागले, हे आपण विसरता कामा नये. ज्या पाण्यातील जीव डोळ्यांना दिसतही नाहीत, त्यांचे संरक्षण करणे फार कठीण असते, कारण त्यांची हानी चित्रात दिसत नाही. विवराच्या काठावरून दोरीने उतरणारा नट पडद्यावर भव्य दिसेल यात संशय नाही, पण लोणारचे महत्त्व त्या भव्यतेत नाही.

माझ्या मित्रांचा पोटापाण्याचा मुद्दा मात्र मी डावलू इच्छित नाही. ग्रिखचा तो पडका वाडा एका विश्वस्त संस्थेच्या मालकीचा होता आणि चित्रणाच्या भाड्याने त्याच्या डागडुजीला हातभार लागला. ही गोष्ट खरी आणि चांगली आहे. आपल्याकडे झी मराठीने २०२३ च्या अखेरीस ‘जाऊ बाई गावात’ या कार्यक्रमात शहरी मुलींना गावात नेऊन शेण सारविणे, पाणी भरणे, शेतात राबणे यांची स्पर्धा मांडली. त्यात गावकऱ्यांच्या नित्यकर्माला परीक्षेचे रूप आले हे मला खटकते, तथापि गाव तेथे गाव म्हणून तरी दिसले, आणि अभयारण्याला कोणी हात लावला नाही. असे काही जिल्ह्यात आणावयाचेच असेल, तर मालकाच्या राजीखुशीने मिळालेली पडीक जमीन आहे, ओसाड खदानी आहेत, पडके वाडे आहेत. त्यासाठी ग्रामसभेची मंजुरी घ्यावी, भाडे ग्रामपंचायतीच्या खात्यात जमा व्हावे, गावाचे आणि तालुक्याचे नाव पडद्यावर यावे, वाटाड्या म्हणून नेलेल्या आदिवासीला त्याच्या ज्ञानाचे मोल नामवंताच्या पाहुणचाराहून कमी मिळू नये, आणि कोणत्याही प्राण्याचा साधन म्हणून उपयोग होऊ नये. या अटी मान्य करणारी कंपनी आली तर तिचे स्वागत करण्यास मी स्वतः जाईन.

परंतु ज्ञानगंगा, अंबाबरवा आणि लोणार ही तीन स्थळे या हिशेबात धरली जाऊ नयेत. वनाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की, असा एखादा प्रस्ताव आपल्या मेजावर आला, तर २८ व्या कलमातील ती अट अक्षरशः वाचावी आणि अर्ज नामंजूर करावा; लोकप्रतिनिधींना विनंती आहे की, त्या अर्जासाठी शब्द टाकू नये; आणि जळगाव जामोद, संग्रामपूर, मोताळा, खामगाव व लोणार या तालुक्यांतील ग्रामसभांनी त्यापूर्वीच तसे ठराव करून जिल्हाधिकारी कचेरीत नोंदवून ठेवावेत.